शून्य ते सुरगाणा

नाशिकहून सुरगाण्याला लोक बदली झाली म्हणून जातात, किंवा सापुताऱ्याला निघाले आणि वळण चुकले म्हणून. मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू गेलो ते कोणाच्या गाडीला पिकअप जास्त आहे हे ठरवायला. अशा कामासाठी सुरगाणा तालुक्यात गेलेली माणसं आमच्याआधी कोणी असतील असं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

पिकअप म्हणजे अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर गाडी किती झटक्यात पळते ते. आमच्या घरात हा शब्द पुल्लिंगी आहे. 'गाडीचा पिकअप चांगला आहे' असं आम्ही म्हणतो. हे आत्ताच सांगते, कारण पुढे सगळं या लिंगावरच अडलं.

सातपूर

नंदूचं सातपूरला मशीनचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. दसऱ्याला त्याने नवी गाडी घेतली. ती ताब्यात घ्यायला मी, नंदू आणि त्याची बायको वैशाली शोरूममध्ये गेलो. मी पस्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे राज्याभिषेकांची वर्णनं मला नवी नाहीत. पण या सोहळ्यात कुठे कसर नव्हती. गाडी लाल साटीनच्या कापडाखाली झाकलेली. समोरच्या पडद्यावर नंदूचा फोटो. स्पीकरवर ढोलताशे. टाय लावलेल्या मुलांनी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या, नंदूने कापड ओढलं, आणि त्याच्या हातात थर्माकोलची, वैशालीच्या उंचीची किल्ली देण्यात आली. ती घेऊन फोटो काढून झाल्यावर काढून घेण्यात आली. पुढच्या ग्राहकाला लागणार होती. मग चाकांखाली लिंबं ठेवली गेली आणि गाडीने त्यांच्यावर आपला पहिला विजय मिळवला.

"सर, शून्य ते शंभर दहा सेकंदांच्या आत," शोरूमचा मुलगा म्हणाला.

नंदूने हे वाक्य त्या दिवसापासून तोंडपाठ केलं. नाशिक शहरात शून्य ते शंभर हा प्रवास दहा सेकंदांत कुठे करायचा, हे त्याला कोणी सांगितलं नाही. गंगापूर रोडला दोन गतिरोधकांमध्ये गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घालणारा माणूस धाडसी समजला जातो. आमच्या जिल्ह्यात शून्य ते शंभर आणि परत शून्य इतक्या झटक्यात फक्त कांद्याचा भाव जातो.

मी पेढा खात होते तेव्हा त्या मुलाने बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघितलं. माझी डिझेल गाडी चौदा वर्षांची आहे. रंग एकेकाळी चंदेरी होता.

"मॅडम, ती एक्स्चेंजला देऊन टाका. दिवाळीपर्यंत स्कीम आहे."

"दिवाळीच्या आत आणून देतो," नंदू म्हणाला. माझ्या गाडीबद्दल, माझ्यासमोर, माझ्या तोंडात पेढा असताना.

घरी आल्यावर भांडण झालं. नंदूचं म्हणणं सोपं होतं. मी बासष्ट वर्षांची, एकटी राहते, गाडी म्हातारी, रस्त्यात बंद पडली म्हणजे? "तुला कुठे जायचं असलं की एक फोन कर, ताई. मी गाडी पाठवीन."

त्या 'पाठवीन' मध्ये सगळं आलं. पाठवलेली गाडी पाठवणाऱ्याच्या सोयीने येते. तिच्यात बसून माणूस दवाखान्यात जातो, लग्नाला जातो, अंत्ययात्रेला जातो. उगीच कुठे जात नाही. आणि मी आयुष्यात ज्या चांगल्या जागा बघितल्या, त्या बहुतेक उगीच गेले म्हणून बघितल्या.

"तुझ्या गाडीला पिकअप तरी राहिलाय का?" नंदू म्हणाला.

"लाव पैज," मी म्हणाले. हे शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं की आपण पैज हरू शकतो. पण तोवर वैशालीने डबे काढायला घेतले होते.

नंदूला मुंबईचा हायवे हवा होता. मला घाट हवा होता. वैशाली म्हणाली, "सुरगाण्याला जाऊ. मी कधी बघितलं नाही." ठरलं ते असं: एक शर्यत सरळ रस्त्यावर आणि एक चढावर. सरळ रस्त्याचं काय व्हायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे खरा निकाल चढाचा. माझी गाडी चढ न थांबता चढली तर माझ्याकडे राहणार. थांबली तर किल्ली नंदूची, आणि दिवाळीच्या आत गाडी शोरूमला.

दिंडोरी

सकाळी निघालो. नंदू आणि वैशाली नव्या गाडीत, मी माझ्या. नव्या गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. ते काढायचं नाही असा नंदूचा हुकूम होता, त्यामुळे वैशाली वळणावर बसल्या जागी घसरायची. मला आरशात दिसायचं.

दिंडोरी ओलांडली की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. छाटण्या होऊन गेल्या होत्या. वेलींवर नुसत्या काड्या, त्यावर नखाएवढी पोपटी फूट, आणि सगळीकडे औषधाचा वास. परगावचे लोक इथे वायनरीत येऊन ग्लास हलवतात, हुंगतात आणि त्यांना त्यात लाकूड, चॉकलेट आणि काय काय सापडतं. फवारणीच्या दिवसांत आले तर नाकाला दुसरंच काही सापडेल.

एका सरळ रिकाम्या पट्ट्यावर आम्ही गाड्या शेजारी शेजारी लावल्या. शंभरला वैशालीने साफ नकार दिला. "साठपर्यंत. त्याच्या पुढे गेलात तर मी एसटीने घरी जाईन." ती रस्त्याकडेला उभी राहिली आणि तिने डब्यावरचा नॅपकिन खाली केला.

जे व्हायचं ते झालं. नंदूची गाडी शिंक यावी तशी सुटली. माझ्या गाडीचा अ‍ॅक्सिलेटर दाबला की आधी काही होत नाही. ती खाकरते, मग विचार करते, मग निघते. नंदू याला 'लॅग' म्हणतो. मी दुसऱ्या गिअरमध्ये गेले तेव्हा तो एवढा पुढे होता की नंबर वाचता येत नव्हता. मी मान्य करते, तो वेग सुंदर होता. गाडीला वजनच नसल्यासारखी ती गेली. वाईट वाटावं इतकी सुंदर.

आणि मग बागेतल्या वाटेवरून एक ट्रॅक्टर मागे फवारणीचा ब्लोअर लावून निवांत रस्त्यावर आला. नंदूने ब्रेक मारला. मी आपल्या वेगाने पोचले आणि त्याच्या मागे थांबले. दोघेही एकाच ट्रॅक्टरमागे. मागून वैशाली नॅपकिन हातात घेऊन चालत येत होती.

ट्रॅक्टरवाला बागाईतदारच होता. त्याने ट्रॅक्टर बंद केला, उतरला, आणि नव्या गाडीभोवती बैल बघावा तशी एक फेरी मारली.

"नवी काढली का? अ‍ॅव्हरेज काय देती?"

"दादा, अ‍ॅव्हरेजचं सोडा. पिकअप बघा, पिकअप!"

"पिकअप हाय ना आपल्याकडं, माल न्यायला. हिचं अ‍ॅव्हरेज सांगा."

नंदू जरा हळू आवाजात म्हणाला, "चौदा."

"लय कमी." मग माझ्या गाडीकडे हनुवटी करून, "आन ही?"

"वीस," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय." तो परत ट्रॅक्टरवर चढला आणि जाता जाता त्याने निकाल दिला: "पण दिसायला नवीच बरी."

अ‍ॅव्हरेज हा स्पर्धेचा भाग नव्हता, हे सांगायला नंदूने वणी येईपर्यंत मला दोनदा फोन केला. मी फोन उचलला नाही, गाडी चालवत होते. वैशालीने नंतर सांगितलं.

वणीचा फाटा

वणीच्या फाट्यावर भजी आणि चहासाठी थांबलो. नाशिकची मिसळ खाणाऱ्या माणसाला दुसरीकडची मिसळ आवडत नाही, म्हणून मी बाहेर मिसळ मागतच नाही. भजी गरम होती आणि मिरची खोटं बोलत नव्हती.

टपरीच्या बाजूला सात बायका बोचकी घेऊन बसल्या होत्या.  सुरगाण्याकडच्या, दिंडोरीच्या बागांत छाटणीला आलेल्या. छाटणी उरकली होती आणि घरी भात कापायला आला होता, म्हणून परत निघालेल्या. त्यांना न्यायला येणारी गाडी सकाळपासून आली नव्हती. त्या कोणत्या गाडीची वाट बघत होत्या हे आम्हाला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं.

नंदू चहाचा ग्लास घेऊन बोनेटला टेकला होता आणि दिंडोरीची शर्यत मला परत सांगत होता, जणू मी तिथे नव्हते. "पिकअप कळला का तुला? पिकअप म्हणजे काय ते कळलं?"

बोचक्यांमधली एक बाई उठून आली. चाळिशीची, काटक, कमरेला खोचलेली द्राक्ष छाटायची कात्री. तिने आधी रस्त्याकडे बघितलं, मग नंदूकडे.

"पिकअप कठं हाय?"

आणि माझा भाऊ, ज्याला दसऱ्यापासून सगळे सर म्हणत होते, त्याने बोनेटवर थाप मारली. "ही काय! हिच्यासारखी पिकअप अख्ख्या नाशकात मिळणार नाही."

बाई वळली आणि ओरडली, "चला गं! पिकअप आली!"

पुढचं फार भराभर झालं. डिकी कोणी उघडली ते कळलं नाही. आत दोन वळकट्या, एक अ‍ॅल्युमिनियमचा मोठा टोप आणि एक पिशवी गेली. मागच्या सीटवर तिघी बसल्या, प्लास्टिक करकरलं. त्यातल्या एकीच्या मांडीवर वणीच्या बाजारातली सुकट होती, कागदात बांधलेली. नव्या गाडीला जो एक वास असतो, ज्यासाठी नंदू काचा उघडू देत नव्हता, तो त्या क्षणी संपला. मी तो जाताना जवळजवळ पाहिला.

"अहो, थांबा! ही ती पिकअप नाही," नंदू म्हणाला.

"तूच बोललास ना?" ती बाई म्हणाली. "हिच्यासारखी पिकअप नाशकात नाय."

"म्हणजे, गाडीचा पिकअप... ताई, सांग ना यांना!"

"काय सांगू?" मी म्हणाले. "व्याकरण चुकलं तुझं. 'हिच्यासारखा पिकअप' म्हणाला असतास तर वाचला असतास. तू 'सारखी' म्हणालास, म्हणजे माल-माणसं नेणारी गाडी. त्या बरोबर बसल्यात."

वैशाली तोंडाला पदर लावायला पदर शोधत होती. ड्रेस घातला होता म्हणून ओढणीवर भागवलं.

नंदूने उतरवून बघायचा प्रयत्न केला असता. पण उतरवायचं कसं? टपरीवरचे सगळे बघत होते, आणि पिकअप हीच, असं त्यानेच थाप मारून सांगितलं होतं. उरलेल्या चौघी माझ्या गाडीत आल्या. कात्रीवाली पुढे माझ्या शेजारी बसली. तिचं नाव मंजुळा. वजन दोन्ही गाड्यांत साधारण सारखं झालं, तेव्हा पैज चालू राहायला हरकत नव्हती, असं मी जाहीर केलं.

घाट

सुरगाण्याकडे अहो-जाहो नाही. लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी, सगळा 'तू'. आमच्या शहरात 'तू' म्हटलं तर भांडण होतं आणि 'अहो' म्हणून फसवलं जातं. मंजुळाने गाडी सुटल्यावर लगेच माझी चौकशी सुरू केली.

"तुझा नवरा कठं हाय?"

"लग्न केलं नाही."

"का?"

"राहून गेलं."

तिने थोडा वेळ विचार केला. "गाडी कोणाची?"

"माझी."

"भावाची नाय ना?"

"नाही. माझीच."

"मंग बरा," ती म्हणाली, आणि मागच्या तिघींना तिच्या बोलीत हे सगळं परत सांगितलं. त्याही "मंग बरा" म्हणाल्या.

मी तिला पैज सांगितली. हरले तर गाडी जाणार हेही. मंजुळाला यातलं एकच कळलं नाही: गाडी माझी असताना ती भावाला का द्यायची. मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू याडी हायेस."

घाटाने निराशा केली. रस्ता हल्लीच रुंद केलेला, गुळगुळीत. दोन्ही गाड्या कुरकुर न करता चढल्या. नंदूची दिमाखात, माझी तिसऱ्या गिअरमध्ये एका सुरात घोंघावत. वर आल्यावर गारवा लागला. नागलीची, म्हणजे नाचणीची, शेतं तांबूस झालेली, खाचरांमध्ये भात पिवळा पडून ओणवा झालेला, आणि बांधांवर खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, पिवळी फुलं. नाशिकला आपण जे हिरवळ म्हणून तिकीट काढून बघतो ते इथे फुकट आणि कामाचं आहे.

बरोबरी झाली होती, आणि असला गुळगुळीत घाट पैजेचा चढ म्हणून धरायचा नाही, हे नंदूइतकंच मलाही मान्य होतं. नंदूने गाडी बाजूला घेतली. "आता यांना कुठे सोडायचं?"

"जवळच हाय," मंजुळा म्हणाली. "आत."

तिकडच्या 'जवळ'ला अंतराचा धाक नसतो. बोरगाव गेलं, डावीकडे वळलो, मग परत वळलो, ओढा ओलांडला, आणि एका चढाच्या पायथ्याशी आलो. पायथ्याशी काळ्या दगडाची कोनशिला होती, संगमरवरी चौकटीत, वर छत. रस्त्याचं भूमिपूजन कोणाच्या हस्ते झालं, कोण अध्यक्ष होते, कोण प्रमुख पाहुणे, कोणाच्या उपस्थितीत, सगळं कोरलेलं. कोनशिलेपर्यंत डांबर होतं. पुढे खडी. पाहुणे जिथवर चालले तिथवर रस्ता झाला होता.

"हा चढ," मी म्हणाले.

नंदूने वर बघितलं. पाडा वर, झाडांत. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी पुढे."

इथे माझी चूक झाली. मी त्याला पुढे जाऊ दिलं.

त्याची गाडी निघाली तशी जोरात निघाली. पण खडीवर जोर करून उपयोग नसतो. चाकं जागच्या जागी फिरली, दगड उडाले. मग त्याने हळूहळू, रांगत न्यायला सुरुवात केली, आणि ऑटोमॅटिक गाडीला भरल्या वजनाने रांगणं आवडत नाही. अर्ध्यावर टुंग-टुंग असा आवाज आला आणि त्याच्या गाडीतल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. गिअरबॉक्स गरम झाला आहे, कृपया सुरक्षित जागी थांबा. मागच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "काय बोलती ती?"

"दमले म्हणते," वैशालीने सांगितलं.

नंदू थांबला. रस्ता एका गाडीचा. त्याच्या मागे मीही थांबले.

त्याने काच खाली केली आणि आनंदाने ओरडला, "थांबलीस! ताई, थांबलीस तू!"

"तू वाटेत उभा आहेस!"

"न थांबता चढायचं ठरलं होतं!"

"म्हणजे तुझ्यावरून चढू?"

मला खरंच राग आला होता. चांगली चढत होती माझी गाडी. पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, डिझेल गाडीला जे एकच काम मनापासून येतं ते ती करत होती. आता हँडब्रेकवरून, चढावर, खडीत, भरल्या वजनाने परत उठवायची होती. नंदूने गाडी कडेला दाबून वाट दिली. मी क्लच सोडला. गाडी थरथरली, चाक फिरलं, गाडी बोटभर मागे आली आणि बंद पडली. परत लावली. परत बंद. क्लचचा जळका वास आला.

"उतरा गं," मंजुळा म्हणाली. चौघी उतरल्या. नव्या गाडीतल्या तिघीही उतरल्या. सातही जणींनी मागून हात लावले, कोणीतरी हसत "हुश्श्या" म्हणालं, आणि माझी गाडी नंदूच्या आरशाला जेमतेम चुकवत वर गेली. एकदा निघाल्यावर मी थांबले नाही. थांबायची छातीच झाली नाही. वर पाड्याच्या पहिल्या घराशी, आंब्याखाली ब्रेक मारला आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला.

त्या सातजणी डोक्यावर वळकट्या घेऊन मागून चालत आल्या. नंदू धापा टाकत त्यांच्याही मागून. "ढकलली! बाद!"

पाड्यावर

अर्ध्या तासाने नव्या गाडीचा गिअरबॉक्स निवला. रिकामी गाडी घेऊन नंदू एका दमात वर आला. न थांबता, न ढकलता. आंब्याखाली माझ्या गाडीशेजारी त्याने ती लावली.  नियमाने बघितलं तर माझी गाडी थांबली होती, बंद पडली होती आणि ढकलली गेली होती. त्याची चढली होती.

मंजुळाने नागलीच्या भाकरी थापल्या. उडदाचं वरण, खुरासणीची चटणी, आणि आम्हाला पाहुणे म्हणून थोडी सुकट. कोरा चहा. नंदू गाडीत सुकट नको म्हणून तडफडला होता आणि ताटात दुसऱ्यांदा मागून घेतली.

"भात झाला की दिवाळीमागून परत बागेत जायाचा," मंजुळा मला म्हणाली. "घड विरळायला. ती गाडीवाली नाय येत येळेवर. तू येशील?"

"येईन," मी म्हणाले.

 दिवाळीनंतर माझ्याकडे गाडी असणार नव्हती. मंजुळाला यातलं काही विचारायचं नव्हतं; ती भाकर उलटत होती. नंदूने मात्र माझ्याकडे बघितलं.

सुरगाणा

संध्याकाळी सुरगाण्यात विश्रामगृहात उतरलो. गावाबद्दल सांगायचं तर बाजारपेठ लहान, माणसं निवांत, आणि चौकात उभ्या असलेल्या जीपा एवढ्या भरतात की मागच्या पायरीवर उभा असलेला माणूसही आत बसल्यासारखा गप्पा मारतो. शून्य ते शंभर किती वेळात, हे त्या जीपवाल्यांना विचारावं असं नंदूच्याही मनात आलं नाही.

व्हरांड्यात चहा घेताना त्याने विषय काढला. आवाज मऊ होता. "ताई, मी काही वाईट म्हणून सांगत नाही. पण ठरलं होतं."

"हो. मी हरले."

"मग?"

"किल्ली देणार नाही."

"हा कुठला न्याय? तू इतिहास शिकवलास ना? हरल्यावर राज्य सोडतात माणसं."

"शिकवला म्हणूनच सांगते. हरलं म्हणून कोणी दिलं नाही. समोरच्याला घ्यावं लागलं." मी पर्समधून किल्ली काढली आणि चहाच्या ग्लासांमध्ये ठेवली. "घे."

थर्माकोलची नव्हती. बोटाएवढी, रंग उडालेली, रबराचं बटण फाटून आतली पट्टी दिसणारी. नंदूने तिच्याकडे बघितलं. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायला मीच जायचे.  त्याला आठवत असेल तर असेल.

"तुझी गाडी म्हातारी झालीय," तो म्हणाला.

"मीही."

"रस्त्यात बंद पडली तर?"

"आज पडली की. सातजणी आल्या."

"दर वेळी येणारेत का?"

  "नाही आल्या तर मी रस्त्यात उभी राहीन," मी म्हणाले. "पण मी गेलेल्या रस्त्यात. पाठवलेल्या नाही."

 मग वैशालीने हात लांब करून किल्ली उचलली, माझ्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "उद्या मी ताईंच्या गाडीतून येते," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या प्लास्टिकवर बसून माझी कंबर गेली."

सकाळी निघताना नंदूने मागच्या सीटवरचं प्लास्टिक फाडून काढलं. सुकटीच्या वासामुळे, असं त्याने सांगितलं. घाट उतरताना तो पुढे गेला नाही. दिंडोरीपर्यंत माझ्या मागे होता, आणि मला आरशात त्याचा चेहरा दिसत होता. वैशालीने मला विचारलं, "ताई, क्लच सोडताना पाय कसा ठेवायचा?" नवी गाडी तिला चालवायला मिळत नव्हती. जुनी माझी, तिच्यासाठी नंदूला विचारायचं कारण नव्हतं. दिंडोरीच्या त्याच सरळ पट्ट्यावर मी स्टिअरिंग तिच्याकडे दिलं. तिने तीनदा बंद पाडली. मागे नंदूने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

नंतर

दिवाळी झाली. शोरूमच्या मुलाचा फोन आला, "मॅडम, स्कीम संपतेय." मी त्याला शुभेच्छा दिल्या.

क्लचप्लेट मात्र बदलावी लागली. ते काम नंदूने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेतलं आणि गाडी स्वतः घरी आणून लावली. "चालवून बघितली," तो म्हणाला. "पिकअप काही नाही हिच्यात."

"नसू दे."

दोन दिवसांनी, मंजुळाशी ठरलेल्या दिवशी, सकाळी मी निघत होते तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, तिकडे जातेयस? गाडी पाठवू का मोठी?"

"नको. आज गाडी पाठवायचं काम माझ्याकडे आहे."

दिंडोरीपर्यंत धुकं होतं, वणीनंतर ऊन आलं. घाट तिसऱ्या गिअरमध्ये. भात कापून झाला होता, खाचरं मोकळी, खुरासणी वाळायला घातलेली. कोनशिलेपाशी, जिथे डांबर संपतं, तिथे मी गाडी थांबवली. रिकाम्या गाडीने चढ चढून दाखवायला आता कोणी बघत नव्हतं. हॉर्न दिला. वर झाडांत हालचाल झाली. डोक्यावर वळकट्या घेऊन त्या उतरायला लागल्या, मंजुळा सगळ्यांत पुढे, आणि दिसल्या दिसल्या ती मला म्हणाली, "उशीर केलास."

वरून, अजून न दिसणाऱ्या कोणीतरी मागे राहिलेल्यांना हाक दिली, "चला गं! पिकअप आली!"

व्याकरण अगदी बरोबर होतं.